यादीतलं पहिलं पान

मी एक सर्व्हर बोलतोय. म्हणजे मागच्या खोलीत लोखंडी मांडणीवर बसून दिवसभर गुरगुरणारा काळा डबा. वय विचारू नका, पंख्याचा आवाज ऐकलात की कळेल.

माझ्याकडे तेरा वेबसाइट राहायच्या आणि तेरा जणींत मिळून पत्ता एकच. एकाच दारावर तेरा पाट्या असाव्यात, तसं. येणाऱ्याने नाव सांगायचं, मी ते पान काढून द्यायचं. शिवणक्लास म्हटलं की शिवणक्लास, कुत्र्यांचा डॉक्टर म्हटलं की कुत्र्यांचा डॉक्टर. बारा वर्षं हेच केलं. आभार कुणी मानले नाहीत. बंद पडलो की मात्र सगळ्यांना माझी आठवण यायची.

माणसं घाईत असतात. कधीच बंद झालेल्या साइटचं नाव घेऊन येतात, नावापुढे भलतंच काही जोडतात. यादीत नसलेलं नाव आलं, की यादीतलं पहिलं पान दाखवायचं, हा माझा नियम. पहिले होते कवळ्या बनवणारे काका. त्यामुळे लग्नाचा हॉल शोधणाऱ्या नवरदेवालाही मी कवळीच दाखवली आहे.

गेल्या वर्षी माझी देखभाल करणाऱ्या ताईकडे एक सोफे शिवणारे दादा आले. त्यांची थोरली बहीण विसरभोळी झाली होती. एका सकाळी गॅसवर दूध ठेवून ती बाहेर पडली, ती परतलीच नाही.

"आक्काचा फोटो इंटरनेटवर टाका ना," ते म्हणाले. "तिला स्वतःचं नाव सांगता येतं हो. घर कुठे विचारलं की गप्प होते."

ताईने पान केलं. माझ्याकडचं चौदावं पान ते. पण त्या पानाचं नाव कुणाला ठाऊक असणार? आठवड्यात ते सहा वेळा उघडलं गेलं आणि सहाही वेळा दादांनीच उघडलं. मला दिसत होतं. फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

मग ताईच्या डोक्यात आलं. तिने काकांना फोन लावला. "काका, तुमची पहिली जागा आक्कांना देऊ का?"

"दे की! माझं बिनदाताचं गिऱ्हाईक जाऊन जाऊन जाईल कुठे?"

तेव्हापासून वाट चुकलेला प्रत्येक जण आक्कांसमोर येऊ लागला. बहुतेक जण दोन सेकंदांत निघून जायचे. चुकीच्या जागी आलो हे कळलं की माणसाला तिथे क्षणभरही थांबवत नाही.

आता मी थकलोय. जरा गर्दी झाली की तापतो, कामात अडखळतो. म्हणून काल सकाळी सगळ्या साइट एका कंपनीच्या नव्या सर्व्हरवर गेल्या. आक्कांचं पानही गेलं, पण तिथले नियम कंपनीचे. अनोळखी नावाला तिथे कोरं पान मिळतं.

मात्र पत्ता बदलल्याची बातमी सगळीकडे पोचायला दोनेक दिवस लागतात. तोवर बरेच जण जुन्याच पत्त्यावर, माझ्याकडे येत राहतात. ताईने तेराही मालकांना फोन करून विचारलं आणि त्यांची नावं माझ्या यादीतून पुसून टाकली. आता काहीही मागा, माझ्याकडे एकच पान आहे. वर्षभरात आले नसतील इतके लोक काल एका दिवसात आक्कांना पाहून गेले.

आक्कांच्या पानावरचा नंबर बघून दादांना एक फोनही आला. "अहो, कवळीवाल्यांचं काय झालं?"

"उद्यापर्यंत थांबा," दादा म्हणाले. "तेवढा फोटो नीट बघाल का?"

खरं सांगू? कित्येक महिने मला एकच ओढ होती, कुणीतरी आपलं बटण बंद करावं. आज संध्याकाळी सहाला ताई ते करणार आहे, कारण हा पत्ता आजपुरताच आमचा. आणि आजच मला ते नको झालंय. येणारे तासागणिक कमी होत चाललेत.

म्हणून सांगतो. भलतंच काही शोधत इथे आला असाल आणि समोर पांढऱ्या कुरळ्या केसांची, डाव्या भुवईवर व्रण असलेली बाई दिसली, तर लगेच मागे फिरू नका. तुमचं काम उद्याही होईल. आधी तिचा चेहरा बघा. खाली नंबर आहे. दादा फोन मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसलेत, पहिल्याच रिंगला उचलतील.