सपाट घर

"काका, फोडू का नको? एकदाच काय ते सांगा," छिन्नी उंबऱ्यावर टेकवून गवंडी म्हणाला. "सकाळपासून सारखं थांबवताय मला."

फिटरकाकांना तेच तर कळत नव्हतं. उभा जन्म कारखान्यात गेला, कुठला नट किती आवळायचा ते हाताला आपोआप समजायचं. पण निवृत्तीच्या पैशातून घराचं नेमकं काय करावं, या प्रश्नानं गडी पार चक्रावला होता. काकूंची दृष्टी जवळजवळ गेली होती. परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा घर असं करायचं, की तिला उठता-बसता कुणाची मदत मागावी लागू नये, एवढंच काकांच्या मनात होतं. पैसे मात्र एकाच कामापुरते.

सल्ले देणाऱ्यांचं काय जातंय! जावई म्हणाला, "स्वयंपाकघर नवं करा, घराची किंमत वाढेल." शेजारीण म्हणाली, "आधी न्हाणीघरात धरायला दांडे बसवा हो, आमच्या सासूबाई तिथंच पडल्या." लेकीचं फोनवर एकच, "बाबा, दिवे वाढवा." ज्याचं ऐकावं त्याचं पटायचं, आणि दुसरा बोलला की पहिल्याचं खुळचट वाटायचं. खुद्द काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरलीये? उगाच पैसे उधळू नका." बायका असं म्हणतातच, म्हणून काकांनी तिकडे कानाडोळा केला.

शेवटी कारखाना आठवला. तिथं नियमच होता: पायात येईल असं जमिनीवर काही ठेवायचं नाही. मग घरात पायात येतं काय? उंबरे! आणि काकू नेमक्या लेकीकडे राहायला गेलेल्या. परत येतील तेव्हा खूश होतील.

"फोड," काका म्हणाले. "सगळे फोड. घर कसं सपाट पाहिजे."

काकू परत आल्या त्या दिवशी लेकीनं त्यांना दारापर्यंत सोडलं आणि रिक्षा थांबवून ठेवली होती म्हणून ती तशीच परतली. काकू नेहमीसारख्या तरातरा आत शिरल्या. थोडं चालून थांबल्या. पाय पुढे सरकवून चाचपडल्या. बोटांना काही लागेना.

"अहो, मी कुठल्या खोलीत आहे?"

"मधल्या!" काका हौसेनं म्हणाले. "उंबरे काढून टाकले सगळे. आता ठेच म्हणून लागायची नाही तुला."

"मला कधी लागली होती का हो ठेच?" काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "उंबऱ्याला पाय लागला की कळायचं, आता स्वयंपाकघर आलं. डावीकडे ओटा. मला विचारायचंत तरी."

काय काय करू, हे काकांनी गावभर विचारलं होतं. तू चालतेस कशी, हे तेवढं विचारलं नव्हतं.

"उद्याच गवंड्याला बोलावतो. परत बसवून घेऊ."

"पैसे उरलेत?"

काकांचा हात नुसताच खिशाकडे गेला. उरणार काय, कपाळ?

"असू दे. होईल सवय," काकू म्हणाल्या. मग भलत्याच बाजूला तोंड करून त्यांनी हात पुढे केला. "पाणी प्यायचंय मला. स्वयंपाकघरापर्यंत सोडता का?"