आईच्या दोन फोटोंच्या मधली बाई

मित्रांनो, कोपऱ्यातल्या टेबलावर फडक्याखाली झाकून ठेवलाय ना, तोच मी. एक जुना संगणक. कारखान्यात माझे भाग जुळले, तेव्हा मला वाटलं होतं, मोठ्या कचेरीत जाईन. आलो या दोन खोल्यांत.

घरातली आई लोकांचे मजकूर टाइप करून द्यायची. रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसायची, मगच मला चालू करायची. तापातसुद्धा तिचा तो नेम चुकला नाही. ती गेली आणि माझ्यावर धूळ साचली.

हळूहळू बाबांना विसर पडू लागला. चहा घेतला की नाही, तेही आठवेना. लेकीला एकच धास्ती: उद्या ते आईलाही विसरले तर? म्हणून तिने माझ्यावरची धूळ पुसून आईच्या फोटोंची फिल्म करायला घेतली. फोटो जुन्या फोनमधले, अगदी लहान.

मी विचारलं, चित्र केवढं हवं? तिने सगळ्यांत मोठं निवडलं. सेकंदाला किती चित्रं? तिथेही सगळ्यांत मोठा आकडा. कमी पडेल ते मी भरू का? ती म्हणाली, "भर रे, भर."

मित्रांनो, मी भरलं. एका फोटोत आई याच घराच्या दाराशी उभी होती, समोर बघत. दुसऱ्यात तिची मान खाली होती. मधलं काहीच माझ्याजवळ नव्हतं. तरी मी चेहरे घडवले. हनुवटीवरचा वण डाग समजून पुसला. डोळ्यांच्या जागी धूसर ठिपके होते, तिथे लख्ख डोळे बसवले. ते कुणाचे, मला आजही ठाऊक नाही.

दुपारी सगळे टीव्हीसमोर बसले. दारातली बाई सावकाश वळू लागली. तिची पापणी लवली. ओठ किंचित हलले.

"अगं बाई! वहिनी बोलतेय की काय!" आत्या पुटपुटली.

बाबा खुर्चीत आक्रसले. "ही कोण? हिला बाहेर काढा. माझ्याकडेच बघतेय."

"बाबा, आई आहे हो!"

"ही नाही!"

त्यानंतर ते त्या दाराकडे पाठ करून बसू लागले. लेक रडली. आत्या हळूच म्हणाली, "मोठं करायच्या नादात माणूस हरवलं की गं. होती तेवढीच दाखव ना."

लेकीने पुन्हा माझी काच पुसली, नवी फिल्म करायला घेतली. या वेळी फोटो त्याच्या मूळ मापाचा ठेवला, भोवती काळी चौकट. मधलं भरणं बंद. चित्र स्थिर, वण जागेवर.

बाबा उठून टीव्हीजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले.

"अगं, एवढी लांब का उभी राहिलीस?" ते म्हणाले. "ये की आत."

पहिली फिल्म लेकीने पुसून टाकली. माझ्यातून मात्र ती गेली नाही. मला बंद केलं की काळ्या काचेत कधी कधी तीच पापणी दिसते. पूर्वी मिटून उघडायची. हल्ली उघडीच राहते.

मित्रांनो, आपल्या माणसांचे फोटो धूसर असले तरी आहेत तसे जपा. उरलेलं आम्हांला भरायला सांगू नका. आम्हांला नाही म्हणता येत नाही.