दस्तीचं पहिलं उड्डाण

शर्त लागली ती बद्रीनाथच्या टपरीवर, सकाळी साडेसातला, अन् तीही एका भज्यावरून. शेवटचं भजं कुणी खायचं यावरून बोलणं निघालं ते विमानावर जाऊन थांबलं. चिकलठाण्याला विमानतळाच्या भिंतीमागं ही कॉलनी. तिथं सगळ्याच गप्पा विमानावर जातात, कारण दिवसातून चार-सहा वेळा ते डोक्यावरून जातं अन् तेवढा वेळ भांडणाऱ्यालासुद्धा गप्प बसावं लागतं.

एका बाजूला सर्जेराव. बाबा पेट्रोल पंपाच्या स्टँडवरून गंगापूरला जीप हाकणारा गडी, बावीस वर्षं झाली. नऊ जणांच्या जीपमध्ये सतरा माणसं कोंबून वर परत "अजून एक सीट, लगेच निघतो" असं ओरडायची त्याची छाती. कॉलनीतली निम्मी भानगड त्यानंच लावून दिलेली असायची. मागच्या होळीला त्यानं पाण्याच्या टाकीवर "येथे लवकरच मेट्रो स्थानक" असा बोर्ड टांगला, तर दोघं जण खरंच तिकीट खिडकी कुठं होणार म्हणून चौकशीला गेले होते.

दुसऱ्या बाजूला लक्ष्मणराव. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेले, म्हणून सगळे त्यांना कंट्रोलर साहेब म्हणायचे. उभी हयात स्टँडवरच्या काचेच्या खोलीत माईकसमोर गेली. घरी भानुमतीबाईंना चहा मागतानासुद्धा ते आधी "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणतात, अशी अफवा होती. उठवली होती अर्थातच सर्जेरावनं.

तर पेपरात आलं होतं की कुठली तरी कंपनी विजेवर चालणारं विमान आणतीये. जागेवरून सरळ वर उडणारं. रनवे नको, धूर नाही, ड्रायव्हरसुद्धा नाही. चार सीटा. रविवारी चिकलठाण्याच्या मोकळ्या मैदानातून उडणार अन् चौदा मिनिटांत गंगापूर. पहिल्या फेरीला चार पाहुणे, पुढं मग गावोगाव हवाई टॅक्सी.

"पहिल्या फेरीत मी बसणार," सर्जेराव भज्याकडं बघत म्हणाला.

कंट्रोलर साहेब हसले. तिथं पास लागतो, यादी असते, तोंडाचा फोटो जुळवून मगच आत सोडतात, तुला मैदानाच्या गेटातसुद्धा कुणी उभं करणार नाही, असं त्यांनी वेळापत्रक वाचल्यासारखं सांगितलं. बोलता बोलता शर्त ठरली. हरणाऱ्यानं सर्जेरावच्या जीपच्या कॅरियरवर पालथं पडायचं, दोन्ही हात पसरायचे, अन् तोंडानं विमानाचा आवाज काढत केंब्रिज चौकापासून मुकुंदवाडीपर्यंत जायचं. रविवारीच, संध्याकाळी, भर गर्दीत. साक्षीदार बद्रीनाथ. साक्षीची फी म्हणून शेवटचं भजं त्यानंच खाल्लं.

एक गोष्ट मात्र सर्जेरावनं टपरीवर सांगितली नाही. ती फक्त त्याच्या बायकोला, सुरेखाला माहीत होती. विमानात तो जन्मात बसला नव्हता. गंगापूरच्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा त्याला ठाऊक होता, डोळे झाकून गिअर टाकायचा, पण तो रस्ता वरून कसा दिसतो ते त्याला एकदा बघायचं होतं. बस्स, एवढंच. रविवारी सुरेखानं न बोलता इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला अन् खिशात हातरुमालाची हिरव्या चौकड्यांची दस्ती घातली.

गेटचं त्याला काहीच वाटलं नाही. मंडपवाल्याच्या खुर्च्या त्यानं आपल्या जीपमधून आणायचं आदल्या दिवशीच कबूल केलं होतं. गेटवाल्यानं खुर्च्या मोजल्या, माणूस मोजलाच नाही.

आत ते विमान उभं होतं. आठ पंखे, काचेचं पोट, दोन्हीकडची दारं पंखासारखी वर उचललेली. कंपनीच्या श्रेया मॅडम पुण्याहून आल्या होत्या, त्या हातातल्या स्क्रीनवर काही तरी बघत होत्या. पाहुणे यायचे होते. सर्जेरावनं डावीकडची पुढची खिडकी हेरली, दस्तीची चार घड्यांची गुंडाळी केली अन् पंधरा फुटांवरून फेकली. बरोबर सीटच्या मधोमध पडली. चालत्या बसच्या खिडकीतून दस्ती टाकून जागा धरण्यात ज्याचं लहानपण गेलं, त्याच्या हाताला हे विमान म्हणजे उभी लालपरीच.

थोड्या वेळानं गळ्यात हार घातलेले कारभारी आण्णा आले. पहिल्या फेरीचे मानाचे पाहुणे. दोन आमदारांना त्यांनी घरी बसवलं होतं म्हणतात. आण्णांनी एक पाय आत टाकला, सीटवर दस्ती बघितली अन् पाय मागं घेतला.

"कुणी तरी बसलंय इथं," ते म्हणाले.

श्रेया मॅडमला सीटवर कुणीच दिसेना. आण्णांनी मागच्या सीटवर आपला हार काढून ठेवला अन् ते फोटोवाल्याला शोधायला गेले. ते बघून दुसऱ्या पाहुण्यानं घाईघाईनं तिसऱ्या सीटवर चष्म्याचं घर टाकलं. एवढ्यात पलीकडच्या दारातून सरूबाईनं पेरूची पाटी चौथ्या सीटवर सरकवली. सरूबाई सकाळपासून मंडपामागं पेरू विकत होती. तिची लेक गंगापूरला दिलेली, अन् गाडी तिकडंच चाललीये म्हटल्यावर तिनं विचार केला नाही.

आता उरलेले दोन पाहुणे पास हातात घेऊन खाली उभे. त्यांनी आवाज चढवला. श्रेया मॅडमनं दोन बोटांनी दस्ती उचलली अन् कुणाचा रुमाल पडलाय म्हणून विचारलं.

सगळ्या मैदानात "अरे अरे" झालं. खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेतून कंट्रोलर साहेब ताडकन उठले. बघ्यांचा पास काढून ते आले होते सर्जेरावची फजिती बघायला. पण असली भांडणं त्यांनी स्टँडवर हजारोंनी मिटवली होती, पाय आपोआप चालत गेले.

"मॅडम, ठेवा ते खाली. होतं तसं."

मॅडमनी पासचं विचारलं.

"पास म्हणजे कागद," कंट्रोलर साहेब म्हणाले. "दस्ती म्हणजे माणूस. उचलली तर दंगा होईल, मी लिहून देतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात साहेबांना हिरव्या चौकड्या दिसल्या. दस्ती कुणाची ते कळलं अन् त्यांचं तोंड उतरलं, पण निकाल तर देऊन झाला होता. सर्जेराव मंडपाच्या खांबाआडून खुशीत बाहेर आला, केस सारखे केले अन् आपल्या सीटकडं निघाला. दारात सिक्युरिटीवाल्यानं आडवा हात लावला.

"पास?"

"ती काय, दस्ती हाय की आत."

"दस्ती बसली ना? मग बसू द्या तिला," तो म्हणाला. "जागा तुमचीच हाय, दुसऱ्या कुणाला बसू देणार नाय. पण तुमच्याकडं पास नाय, तुम्हाला सोडता येत नाय."

आण्णा म्हणाले, हे दोघं पासवाले खाली राहणार असतील तर मीही बसत नाही, पण माझ्या हाराला हात लावायचा नाही. चष्मेवालाही तेच म्हणाला. सरूबाईला पास म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, पण पाटी ती उचलू देईना. अन् इथून उडायची परवानगी साडेअकरापर्यंतच.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी श्रेया मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला. सीटवर काही असलं अन् पट्टा नसला की यंत्र दिवा लाल ठेवतं, उडतच नाही. त्यांनी दस्तीला पट्टा लावला. हाराला लावला. चष्म्याच्या घराला लावला. पेरूच्या पाटीला दोनदा फिरवून लावला. चारही दिवे हिरवे झाले, दारं मिटली अन् विमान पतंगासारखं अलगद वर गेलं.

सगळे टाळ्या वाजवत होते. सर्जेराव मान वर करून बघत राहिला. काचेमागं, डावीकडच्या पुढच्या खिडकीत हिरवा ठिपका होता. मग तोही दिसेनासा झाला.

वीस मिनिटांनी त्याचा गंगापूरचा मावसभाऊ माऊली, याचा फोन आला. तिकडंही मैदानात परतीचे चार पाहुणे उभे होते. "विमान आलंय दादा, पण भरून आलंय. कुणी बसंना," माऊली सांगत होता. तिथल्या लोकांनीही चारही जागा धरलेल्या बघितल्या अन् हात जोडून मागं सरले. सरूबाईच्या लेकीनं पाटी ओळखली, चार पेरू घेतले अन् पाटी परत होती तशी ठेवली. विमान चार्जिंग करून तसंच माघारी आलं. श्रेया मॅडमनी पुण्याला कळवलं की दोन्ही फेऱ्यांना सगळ्या सीटा भरलेल्या होत्या.

संध्याकाळी टपरीवर अर्धी कॉलनी जमली. जिंकलं कोण यावर कुणाचं एकमत होईना. कंट्रोलर साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं अन् चप्पल काढली.

"निकाल मीच दिलाय. दस्ती गेली म्हणजे सर्जा गेला. मी हरलो, कॅरियरवर मी चढतो."

चौसष्ट वर्षांचा माणूस जीपच्या शिडीला हात लावून उभा राहिला. सर्जेराव नुसता गप्प बसला असता तरी पुरे होतं. एवढी मोठी मजा त्याच्या पदरात आयती पडत होती, सहा महिने पुरली असती. त्यानं खिशातून दस्ती काढली. तिला पेरूचा वास येत होता.

"साहेब, मी हिला दुपारपासून विचारतोय," तो म्हणाला, "रस्ता वरून कसा दिसतो म्हणून. बोलंना."

कुणी हसलं, कुणी नाही. सुरेखा हसली नाही.

"मी नाय बसलो, साहेब. व्हा बाजूला. हरलो मी."

अन् तो चढला. कॅरियरवर पालथा पडला, इस्त्रीच्या शर्टाचे दोन्ही हात पसरले. जीप बद्रीनाथनं काढली. शेजारी बसलेल्या कंट्रोलर साहेबांनी गणपती मंडळाचा भोंगा आणला होता, तो त्यांनी खिडकीबाहेर धरला अन् जुना आवाज काढला: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. चिकलठाण्याहून सुटणारे विमान मुकुंदवाडीकडे प्रस्थान करीत आहे." जालना रोडवरच्या रिक्षा थांबल्या. दुकानदार पायऱ्यांवर आले. सर्जेराव घूंऽऽ करत होता, आधी लाजत, मग जोरात, कारण वरून रिक्षांचे टप दिसत होते, बसथांब्याच्या छपरावर फेकलेल्या सात चपला दिसत होत्या, अन् पुढं रस्ता सरळ, लांब, दिवे लागत चाललेला. बावीस वर्षांत असा त्यानं तो बघितला नव्हता.

मुकुंदवाडीच्या सिग्नलला जीप थांबली. ट्रॅफिक हवालदार पुढं आला अन् वर हे काय आहे म्हणून विचारू लागला. कंट्रोलर साहेब खाली उतरले. त्यांनी भोंगा हवालदाराच्या हातात दिला, खिशातून पांढरी घडीची दस्ती काढली, नेम धरला अन् वर फेकली. सर्जेरावच्या कोपरापाशी पडली.

"सरक," साहेब शिडीला पाय लावत म्हणाले. "जागा धरलीये मी."

सर्जेरावनं घूंऽऽ थांबवलं, अंग चोरून एका कडेला झाला अन् सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडला, "अजून एक सीट, लगेच निघतो."