वरच्या स्लॉटवरची चिकटपट्टी

मित्रांनो, मी एक जुना मदरबोर्ड आहे. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये मी पाठ टेकून उभा असतो. बाकी सगळे सुटे भाग माझ्यावरच बसतात, पण कौतुक मात्र बाहेरच्या पडद्याचं होतं. असो.

कारखान्यात मला कार्ड बसवायच्या दोन लांब खाचा, म्हणजे स्लॉट, मिळाले. दिसायला दोन्ही सारखे. पण वरच्याला सगळ्या तारा जोडलेल्या आहेत आणि खालच्याला त्यांचा फक्त चौथा हिस्सा. पडद्यावर चित्रं उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची खरी जागा वरची.

मी ज्या घरात आलो, तिथले बाबा नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. झाकून ठेवण्याची त्यांना भारी हौस. रिमोट प्लॅस्टिकमध्ये, शिलाई मशीन चादरीखाली. माझा वरचा स्लॉट रिकामा दिसला, तेव्हा त्यावरही त्यांनी चिकटपट्टी लावली. गंमत अशी की घरातलं विजेचं फुटलेलं बटणही ते त्याच चिकटपट्टीने बंद करत.

पुढे त्यांची मुलगी घरांची अंतर्गत सजावट करू लागली. आपण तिला ताई म्हणू. तिला पहिलंच स्वतंत्र काम मिळालं. घर बांधण्याआधी त्याच्या खोल्यांतून फिरल्यासारखं पडद्यावर दाखवायचं होतं. जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. तिने ग्राफिक्स कार्ड आणलं. घेण्याआधी माझा स्लॉट कुठल्या प्रकारचा ते पाहिलं, कॅबिनेटमध्ये पट्टी धरून लांबी मोजली, वीजपुरवठा पुरेल ना हेही तपासलं. पोरगी हुशार. पण वरच्या स्लॉटवर चिकटपट्टी दिसली आणि तो बिघडलाय असं समजून तिने कार्ड खालच्यात बसवलं.

कार्ड चाललं, पण रडतखडत. पडद्यावरची खोली दर वळणावर अडायची. ताई कपाळाला हात लावून बसली.

"बाबा, हा मदरबोर्ड आता थकला. नवा घ्यायचा तर प्रोसेसर आणि मेमरीही बदलावी लागेल. हा भंगारातच जाणार."

मला फार वाईट वाटलं. अंगात ताकद असून मी नुसता ऐकत होतो.

बाबा चष्मा सावरत जवळ आले. "अगं, पण वरची जागा सोडून खाली कशाला बसवलंस?"

"वरचा बिघडलाय ना? तुम्हीच चिकटपट्टी लावलीत."

"ती धूळ जाऊ नये म्हणून. बिघडलाय असं कोण म्हणालं?"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने वीज बंद केली, चिकटपट्टी हळूच सोलली, कडेला राहिलेला गोंद पुसला आणि कार्ड वर बसवलं. टक् आवाज झाला. या वेळी खोल्या एकामागून एक सरळ उघडत गेल्या. ताई खुर्चीत मागे रेलली आणि डोळे पुसत हसली. काम तिच्याकडेच राहिलं.

बाबांचा हात मात्र परत चिकटपट्टीकडे गेला. "आता खालचा मोकळा राहिला."

"लावा," ताई म्हणाली आणि तिने पेनही पुढे केलं. "पण पट्टीवर कारण लिहा."

नकाशावर लिहावं तशा रेखीव अक्षरात बाबांनी लिहिलं: 'चांगला आहे. धुळीसाठी झाकला.' मी चांगला आहे, असं कोणी लिहिलेलं मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगतो. आम्हा जुन्या वस्तूंना जरूर झाकून ठेवा. पण टाकून देण्याआधी, ज्याने झाकलं त्याला एकदा विचारा.