शेवंती घरात असताना

“दीदी, कुत्ते को लेकर घंटाभर घूम आइए. पार्टी चली जाएगी तो मैं मिस्ड कॉल दूँगी,” शहनाझ म्हणाली आणि तिने शेवंतीचं पाण्याचं भांडं सिंकखालच्या कपाटात सरकवलं.

शहनाझ घरं विकून देणारी एजंट. घर बघायला येणारी आठवड्यातली ही चौथी पार्टी. मंजुषाने शेवंतीला मागच्या सीटवर घेतलं आणि ती दुबईतल्या अल बर्शाच्या रस्त्यांवरून गाडी फिरवत राहिली. दोन हजार पाचचा जून. बाहेर पंचेचाळीस डिग्री.

शारजातल्या एका हॉस्पिटलात मंजुषा एकवीस वर्षं ऑपरेशन थिएटरची नर्स होती. अल मजाजच्या दोन भाड्याच्या खोल्यांत तिचा संसार झाला. तिथेच नवरा गेला, तिथूनच मुलगी, मैथिली, शिकून कॅनडाला गेली. मग परदेशी माणसांना दुबईत घर विकत घेता येऊ लागलं आणि कुडाळच्या पोस्टमनच्या या मुलीने वाळूत नव्याने वसलेल्या कॉलनीत छोटं दुमजली घर घेतलं. स्वतःच्या एकटीच्या नावावर.

पहिल्याच हिवाळ्यात कॉलनीमागे शेवंती सापडली. पिवळसर, लांब पायांची, शिकारीच्या जातीची कुत्री. मागचा पाय मोडला म्हणून कुणीतरी टाकून दिलेली. मंजुषाने महिनाभर ड्रेसिंग केलं. पाय लंगडाच राहिला, पण शेवंती घरची झाली. आता रिटायर होऊन दोघी कुडाळला निघाल्या होत्या.

सिग्नलला मोबाइल वाजला. मैथिली होती.

“मम्मी, बी प्रॅक्टिकल. जस्ट लीव्ह हर इन अ शेल्टर टिल इट्स सोल्ड.”

“बरं, बघते,” म्हणून मंजुषाने फोन ठेवला आणि आरशात पाहिलं. एसी फुल होता, तरी म्हातारी कुत्री जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. स्वतःच्या घराबाहेर आपण दोघी चोरासारख्या फिरतोय, हे तिला एकदम असह्य झालं. पुढच्याच वळणावर तिने गाडी मागे वळवली.

पार्टी अजून हॉलमध्येच होती. साठीचा तय्यब, ज्याचं शारजाच्या औद्योगिक भागात गॅरेज होतं, आणि त्याची बायको जहांआरा. शेवंती लंगडत आत आली तशी दोघं भिंतीकडे सरकली. शहनाझचा चेहरा उतरला.

“ये इधरच रहती है. छुपाने का कुछ नहीं है,” मंजुषा म्हणाली. तिने कपाटातून भांडं काढलं, पाणी भरून शेवंतीपुढे ठेवलं. “वो पीछे का दरवाजा भी उसीनेच खरवडलेला है.”

तय्यब एकदम हसला. “कुठल्या तुमी?”

“कुडाळची.”

“आमी दापोलीचे. घर चांगलाय, बाई. पण कुत्रा आमाला घरात चालत नाय. राग मानू नका.”

“राग कसला? पण ती नव्हतीच, असं मी सांगणार नाही.”

“आणखी काय सांगायचं राहिलंय?” तो अर्धवट थट्टेत म्हणाला.

“वरच्या बाथरूमची भिंत पाझरते. मागच्या खोलीतला एसी आवाज करतो.”

शहनाझने कपाळाला हात लावला. जहांआराने सोफ्याखाली बोट फिरवून पाहिलं.

“केस तर कुठं दिसत नाय.”

“थिएटरची नर्स आहे मी,” मंजुषा म्हणाली. एखाद्याने ‘कलेक्टर आहे मी’ म्हणावं, तसं.

ती दोघं गेली. “आपने पार्टी भगा दी, दीदी,” शहनाझ म्हणाली. तीन दिवस काहीच घडलं नाही. मंजुषाला रात्री झोप लागेना, पण भांडं परत कपाटात गेलं नाही.

चौथ्या दिवशी तय्यबचा फोन आला.

“पाच घरं बघितली. सगळ्यांचं सगळं चांगलंच! घरातली खोट सांगितली ती तुमी एकटीनंच. तुमचंच घेतो. पण आमी आमच्या रीतीनं सगळं घर धुवून घेऊ. वाईट वाटून घेऊ नका.”

“त्यात वाईट काय? मीसुद्धा जन्मभर हात धुऊनच थिएटरात गेले.”

ताबा द्यायच्या दिवशी, ते परत धुतलं जाणार हे माहीत असूनही, तिने पहाटे उठून सगळं घर पुसून काढलं. दहा वाजता जहांआराच्या हातात किल्ल्या दिल्या.

शेवंती फाटकाशी जाऊन बसली ती उठेचना. हाक मारली, बिस्किट दाखवलं. तिने मान फिरवली. तय्यब एक पाऊल पुढे आला आणि घुटमळला.

“राहू द्या,” मंजुषा म्हणाली.

ती वाकली. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली घालून तिने कुत्रीला उचललं आणि साठाव्या वर्षी, पाठ ताठ ठेवून ती गाडीकडे चालू लागली.

तय्यब भरभर पुढे गेला. त्याने गाडीचं दार उघडलं आणि दोघी आत बसेपर्यंत ते धरून उन्हात उभा राहिला.