माझ्या सावलीतला खड्डा

मित्रांनो, मी एक जुने जांभळाचे झाड आहे, आणि मला रोपांचा हेवा वाटतो. हे सांगायला मी इतकी वर्षे लाजत होते.

पाटणच्या पुढे, एका शाळेच्या अंगणात मी उभे आहे. मला कुणी लावले नाही. एका पाखराने बी टाकले आणि मी आपले आपण वाढले. मुलांच्या जिभा जांभळ्या केल्या, गुरुजींच्या सायकलीला सावली दिली. मला वाटे, या अंगणाचे मी लाडके आहे.

मग दर जुलैत वनमहोत्सव होऊ लागला. पाहुणे रोपाला हळदकुंकू वाहत, नारळ फोडत, फोटो काढत. माझ्या वाट्याला येत दोन खिळे. ‘झाडे जगवा’ हा फलक माझ्याच बुंध्याला ठोकला जाई. पाहुणे भिजू नयेत म्हणून खड्डाही माझ्याच सावलीत, दरवर्षी तोच. उन्हाविना रोप दिवाळीपर्यंत पिवळे पडून जाई. आणि मित्रांनो, मला बरे वाटे.

यंदा पाहुणे होते निवृत्त सुभेदार सयाजीराव. ते रोप खड्ड्यात ठेवणार, तोच शाळेत खिचडी शिजवणाऱ्या जन्नतबी पुढे आल्या.

“आवं सुभेदार, हितं नगा लावू. दरसाल मरतंय.”

“मग ही आडवी फांदी तोडून टाकू,” मुख्याध्यापक म्हणाले.

माझे पान न् पान थरारले. त्या काडीएवढ्या रोपासाठी माझा हात!

“फांदी कशाला? चार पावलं उघड्यावर चला की. का पलटणीत कवा भिजलाच न्हाईसा?”

सगळे खदखदून हसले. “हरलो गं जन्नतबी!” म्हणत सुभेदारांनी छत्री मिटली आणि ते पावसात चालू लागले. मुलेही त्यांच्यामागे धावली. माझ्याखाली फक्त रिकामा खड्डा उरला. इतका हेवा मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

आता माघ लागला आहे. ते रोप जगले आहे. उजाडताना ऊन त्याच्या मागून येते आणि त्याची सुतळीएवढी सावली माझ्या बुंध्याशी येऊन टेकते. मला आजवर कुणी सावली दिली नव्हती.

मित्रांनो, रोप उन्हात लावा, फलक दोरीने बांधा आणि परतताना माझ्या खिळ्यांवरूनही एकदा हात फिरवा. हेवा अजून सरलेला नाही. पण उजाडायची वाट मात्र मी रोज पाहते.