डबा जागाच होता

मायाने शेवटचा स्क्रू काढून स्टीलच्या वाटीत टाकला आणि काळ्या डब्याचं झाकण दोन्ही हातांनी अलगद उचललं. झाकणातून कळांच्या दोन चपट्या फिती आत गेल्या होत्या. त्या ताणणार नाहीत अशा बेताने तिने ते बाजूला आडवं केलं. कॉटवर बसलेले ज्ञानूमामा गुडघ्यावर हात टेकून पुढे वाकले.

"आत तर कायच न्हाई की गं," ते म्हणाले. "नुसती एक हिरवी पाटी?"

"एवढंच असतंय मामा."

"आन् ह्येच्यासाठी मी तवा मुंबईपास्नं आख्खी रात मांडी अवघाडून आलो. कंडक्टर म्हणत हुता, टपावर टाका. म्हटलं, आदी मला टाक टपावर."

चुलीसारखा काळा, पाटीएवढा, टीव्हीला जोडून चालणारा हा संगणक सदतीस-अडतीस वर्षांमागे मामांनीच आणला होता. मामा मूळचे माण तालुक्यातले. घरची मेंढरं भावाच्या हवाली करून ते मुंबईला गेले आणि एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर राहिले. डॉक्टरांचा मुलगा परदेशी शिकायला गेला तेव्हा त्याचा हा डबा डॉक्टरांच्या बाईंनी मामांना दिला. 'तुमच्या भाचीला होईल,' म्हणाल्या. भाची तेव्हा माधवनगरच्या मिलच्या लाईनीत, दोन खोल्यांच्या घरात राहणारी सहावीतली मुलगी होती. डब्याबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक तिने डिक्शनरी घेऊन वाचलं, एकेक अक्षर बघून दाबलं, आणि त्यातूनच पुढे सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज, पुण्याची नोकरी, आज हाताखाली असलेली पन्नास-साठ माणसं असं सगळं उभं राहिलं. माया हे विसरली नव्हती. जिथे तिला बोलायला बोलावत तिथे तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, की माझ्या मामांनी मांडीवरून एक डबा आणला म्हणून मी इथे आहे.

उद्या तेच वाक्य ती मामांच्या समोर म्हणणार होती. तिच्या जुन्या शाळेत नवी संगणकखोली तयार झाली होती आणि मुख्याध्यापिका राजनंदिनीबाईंनी हट्टच धरला होता की उद्घाटन मामांच्या हातून करायचं आणि मुलांना तो डबा चालवून दाखवायचा. मामा कालच गावाहून इथे, लाईनीतल्या आईच्या घरी आले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला एक डोळा, करकरीत धोतर आणि पिशवीत फेटा. आणि एक गोष्ट त्यांनी आल्या आल्या सांगून टाकली होती.

"मी ह्यो चालू झाल्याला कवाच बघितला न्हाई."

मायाला ते खरं वाटेना. मग आठवून पाहिलं तर खरंच होतं. डबा देऊन ते त्याच रात्री ड्युटीवर परत गेले होते. पुढे सुट्टीला येत तेव्हा कधी वीज नसे, कधी तिची परीक्षा असे. मग ती होस्टेलला गेली आणि डबा माळ्यावर.

"उद्या माझ्या हातनं नारळ फोडून घेत्याल," मामा आता म्हणाले, "आन् ह्यो गप पडून राह्यला तर?"

"नाही राहणार," माया म्हणाली खरी, पण तिचीच खात्री उडत चालली होती.

पुण्याहून निघण्याआधीच तिने आतले सुकलेले कपॅसिटर बदलले होते. कळांच्या खालचा पापुद्रा कडक होऊन तुटला होता, तोही नवा मागवून बसवला होता. ॲडॅप्टर बरोबर व्होल्टेज देत होता. मीटरच्या दोन सुया ती आता एकेका चिपच्या पायाला लावत गेली. सगळीकडे पाच व्होल्ट. कोपऱ्यातली ॲल्युमिनियमची पट्टी हळूहळू कोमट होत होती, म्हणजे वीज आतून फिरत होती. तरी भिंतीवरच्या टीव्हीवर, तिनेच आईला घेऊन दिलेल्या त्या मोठ्या चपट्या टीव्हीवर, निळ्या पडद्यात एकच ओळ येत होती, 'सिग्नल नाही'. तिने चॅनल शोधायला लावलं. टीव्ही शंभरापर्यंत गेला आणि पुन्हा तीच ओळ दाखवून थांबला.

"जेवून घ्या गं," आतून हरणाबाईंचा, तिच्या आईचा आवाज आला. "दादा कवाचा उपाशी बसलाय तुमच्या त्या डब्यापायी."

"आलो हरणे," मामा म्हणाले, पण हलले नाहीत.

मायाने मीटर खाली ठेवला. काही सुचेना म्हणून तिने झाकण नुसतं वर बसवलं आणि जुन्या सवयीने बोटं रबरी कळांवर टेकवली. एकदम तिच्या मनात एक कल्पना आली. डोळे मिटून तिने दोन कळा एकत्र दाबल्या, मग आणखी दोन. पडद्यावर उमटला असता तर तो 'आवाज कर' अशा अर्थाचा चार अक्षरांचा इंग्रजी शब्द झाला असता. पुढे एक, स्वल्पविराम, बारा. बोटांना वाट पाठ होती. शेवटची कळ दाबली.

डब्याच्या पोटातून बारीक आवाज आला. शिट्टीसारखा, सेकंदभर.

"काय वाजलं?" मामा ताठ झाले.

 मायाने पुन्हा तेच दाबलं, फक्त आकडा बदलून. या वेळी आवाज खालच्या पट्टीत आला. ती हसायलाच लागली.

"मामा, हा बिघडलेला नाहीच. हा जागा आहे! मी म्हणतेय ते सगळं ऐकतोय. फक्त बोलतोय जुन्या टीव्हीच्या भाषेत, आणि आपला हा नवा टीव्ही ती भाषाच विसरलाय."

"म्हंजे मुका न्हाई, ऐकणाराच भैरा?"

"अगदी तसंच. आई, लाईनीत कोणाकडे जुना टीव्ही उरलाय का? मागे ढेरी असलेला?"

हरणाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "मनुबाईकडं हाय. पण तिच्या टीव्हीचा भरवसा न्हाई बाई. आदीचा शटरवाला हुता, त्यो सारखा बिघडल्याला. बघायला जावं तर दार लोटल्यालं, ही उंबऱ्यात. म्हणायची, आज बंद पडलाय."

मायाला तो टीव्ही बिघडलेला कधी आठवत नव्हता. पण तिचं लक्ष आता तारेत होतं. तिने स्क्रू पटापट पिळले, डबा टॉवेलमध्ये गुंडाळला आणि चपला घातल्या. मामा जेवण तसंच टाकून मागोमाग निघाले. हरणाबाईही कुलूप लावून आल्याच.

मनुबाईंचं घर लाईनीच्या टोकाला होतं. मिल बंद पडून वर्षं लोटली, नवरा गेला, मुलगा इचलकरंजीला स्थायिक झाला, पण बाई तिथंच राहिल्या. ऐंशी ओलांडलेल्या मनुबाई पलंगाला टेकून संध्याकाळची मालिका बघत होत्या. टीव्ही खोक्यासारखा, रंगीत, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल.

"मनुमावशी, तुमचा टीव्ही जरा मिळेल? पण आत्ता नको, मालिका संपू द्या. आम्ही बसतो."

"अगं माये! कवा आलीस?" मनुबाईंनी टॉवेलातलं गाठोडं बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "डबा आणलास व्हय? लाव की मग. मालिकेला काय, ती काय पळून जाती?"

आणि त्यांनी सरळ रिमोट उचलून सेट-टॉप बॉक्सचं चित्र घालवलं. पडद्यावर पांढऱ्या मुंग्यांची खरखर सुरू झाली. मायाने मागच्या अँटेनाच्या रिकाम्या भोकात तार खुपसली, ॲडॅप्टर लावला आणि रिमोट मागायला हात पुढे केला. मनुबाईंनी तो दिला नाही.

"तू नगं. तुला न्हाई जमायचं, तू घाई करतीस." त्यांनी चष्मा वर सरकवला आणि बटण दाबून धरलं. "आदी मुंग्या बारीक व्हत्यात. मग तिरप्या रेघा येत्यात. तवा थांबायचं न्हाई, अजून लांब असतं. खरखर पडली की मग सावकाश यायचं."

मुंग्या बारीक झाल्या. तिरप्या रेघा आल्या. खरखर एकाएकी पडली, आणि पडदा दुधासारखा पांढरा होऊन स्थिरावला. तळाशी एक बारीक काळी ओळ होती.

 मायाने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले.

"ह्योच का?" मामांनी विचारलं. "चालू झाल्यावर ह्यो असा दिसतो?"

"हा असा दिसतो मामा." तिने डबा मांडीवर घेतला. दोन ओळींचं काम होतं, पण तिने ते मन लावून लिहिलं. शेवटची कळ दाबली तशी मामांचं नाव इंग्रजी अक्षरांत पडद्यावर पुन्हा पुन्हा, ओळीखाली ओळ उमटत गेलं, वरपासून खालपर्यंत. मुंबईच्या पाट्या वाचून शिकलेले मामा एकेक अक्षर जुळवू लागले. नाव जुळलं तेव्हा त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"एवढ्यांदा माझं नाव आजवर कुणी घेतलं न्हाई गड्या," ते म्हणाले. 

मनुबाई पलंगावरून उतरल्या आणि पानाचा डबा घेऊन दाराकडे निघाल्या.

"कुठं चाललात मावशी?"

"बसते उंबऱ्यात. तुझं चालू दे निवांत."

इतक्या सहज म्हणाल्या त्या, की मायाला क्षणभर काही वेगळं वाटलंच नाही. तेव्हाही त्या अशाच जायच्या. शाळेतून आली की ती डबा घेऊन इथे यायची, मनुबाई चॅनल लावून द्यायच्या, आणि दिवेलागण उलटली तरी ती टीव्हीसमोर आणि त्या उंबऱ्यात.

"नशीब बाई," हरणाबाई म्हणाल्या, "ह्यो टीव्ही तरी धड हाय. आदीचा तुमचा मेला नेमका मालिकेच्या टायमाला बिघडायचा."

मनुबाई पान लावता लावता हसल्या. "त्यो कवा बिघडला हुता?"

"म्हंजे?"

"आवं, पोरगी आत डबा लावून बसल्याली असायची. लाईनीतली समदी यायची मालिका बघायला. काय सांगू त्यास्नी? म्हणायचं, बिघडलाय. जावा. एकदा तर आमच्या मालकांनी रिपेरवाल्याला बलवून आणलं. त्येला च्या पाजून तसाच परत धाडला."

हरणाबाईंनी तोंडाला पदर लावला. "मला वाटायचं, पोरगी तुमच्यात निस्ती अब्यासाला बसती."

"आणि तुमचं?" मायाने विचारलं. "तुम्हाला नव्हती का बघायची मालिका?"

"बघायची हुती की. पण दुसऱ्या दिशी नळावर पलीकडच्या लाईनीतली शेवंता सांगायची समदी गोष्ट. लय झ्याक सांगायची. रडूनबी दावायची." त्यांनी पानाची घडी तोंडात ठेवली. "आन् तूच एकदा रडत सांगितलं हुतंस. टीव्हीची तार काढली का माझं समदं पुसतं, मावशी, दोन-दोन तास लिवल्यालं जातं. मग कशी काढायची गं तार?"

 टीव्हीची तार काढली तर काही पुसत नाही. विजेची काढली तरच पुसतं. हे मायाला कळलं होतं पुढे, कॉलेजात गेल्यावर. अकरा वर्षांची असताना ती जे मानत होती ते तिने मनुबाईंना सांगितलं होतं, आणि मनुबाईंनी ते आजपर्यंत तसंच जपून ठेवलं होतं.



मामांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. 

"माये," ते म्हणाले, "त्या शाळेतल्या बाईस्नी फोन लाव. म्हणावं, खुर्च्या दोन मांडा."

"कुणाला दुसरी?" उंबऱ्यातून मनुबाईंनी विचारलं.

"तुमास्नी. मी डबा आणला एकदाच, एका रातीत. तुमी तर रोज..." त्यांना पुढचा शब्द सापडेना. "उद्या तुमी नारळ फोडायचा. मी नुसता फेटा बांधून बसणार."

"काय तरीच! मी काय केलंय त्यात? नुसती भाईर बसले हुते."

मायाने फोन लावला. राजनंदिनीबाई पलीकडून हो-हो म्हणत होत्या, नाव कसं लिहायचं ते विचारत होत्या, आणि माया प्रत्येक अक्षर सावकाश सांगत होती. फोन ठेवून ती उठली आणि मनुबाईंच्या हाताला धरून त्यांना आत घेऊन आली. पलंगावर उशी सरळ केली. मग तिने रिमोट उचलला.

"अगं अगं, काय करतीस?" मनुबाईंनी तिचं मनगट धरलं. "पुसलं जाईल की तुझं! दादांचं नाव हाय त्यात."

"जाऊ दे मावशी," माया म्हणाली. "परत लिहीन."

तिने बटण दाबलं. पडद्यावर दागिन्यांनी मढलेली एक बाई हुंदके देत जिना उतरत होती. मामांनी खुर्ची पुढे ओढली.

"ही का वं रडती एवढी?"

"न्हाई, तसं कळायचं न्हाई तुमास्नी," मनुबाई पलंगावर मांडी घालून बसत म्हणाल्या. "लय मागनं सांगायला लागंल. बसा."

सगळी बसली.